चाळीस मिनिटं दम धरा

कागदी पाकिटात कापूस नव्हता. गुलजारनं पाकीट उलटं केलं, फुंकर मारून उघडलं, बोट घालून तळ चाचपला, मग काउंटरवर दोनदा आपटलं. नव्हता म्हणजे नव्हता. तेरा वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं, आणि समोर उभ्या असलेल्या इंद्रभान कंडक्टरला त्याचं काही म्हणजे काही नव्हतं. तिकिटांची पेटी काखेत मारून तो सारखा बसस्थानकाकडे बघत होता, कारण त्याची दुसरबीडची गाडी फलाटाला लागली होती आणि ड्रायव्हरनं एक भोंगा वाजवूनही झाला होता.

"गुलजारभाई, बाकीचं मंग. याचा पयला भाग द्या आधी," इंद्रभान म्हणाला. "बायकोनं डोकं खाल्लं माहं. पयली सीडी आणल्याबिगर घरी येऊ नका म्हणते."

"रुख्मिणीताईंनी पाहिला?"

"पाह्यला? अजी, तीन डाव पाह्यला. लाईन असली का तेच. मी चहा मांगतो, आन् तिकडं टीव्हीत ते बाई डोक्शावर दार घेऊन चालून राह्यली. शेजारपाजारच्या बाया घरात. मले बसाले जागा नाही."

गुलजारच्या कानात आधी नुसतीच शीळ वाजल्यासारखं झालं. मग कानशिलं तापली. मग त्याला हसू फुटलं, आणि ते आवरायला म्हणून तो काउंटरखाली वाकला तर डोकं ड्रॉवरला आपटलं आणि ते लागल्याचाही त्याला आनंदच झाला. कोणीतरी पाहिला होता! तीन डाव! बुलढाण्याच्या बसस्थानकासमोर गुलजार सीडी लायब्ररी उघडल्यापासून हा माणूस गिऱ्हाइकाला न मागितलेला सिनेमा देत आला होता. समोरच्या फळ्यांवर मारामारीचे, नाचाचे, भुताचे, देवाचे, जे लोक मागत ते. आणि सगळ्यात खाली, वाकून बघावं लागेल अशा फळीवर, त्याचे स्वतःचे. कुठं तीन दिवस चाललेले, कुठं एकही दिवस न चाललेले, ज्यांची नावं सिनेमाचे शौकीन म्हणवणाऱ्यांनीही ऐकली नव्हती असे एकशे बारा सिनेमे. वरच्या फळीवरचा एक नेला की खालच्या फळीवरचा एक फुकट. नको म्हटलं तरी पिशवीत. सोबत लाल शाईनं लिहिलेली चिठ्ठी: 'पहाच. सुरुवात संथ आहे. चाळीस मिनिटं दम धरा, मग माझ्यावर सोडा.' आणि पाकिटात सीडीवर कापसाचा एक धागा, दिसेल न दिसेल असा. सीडी बाहेर काढली तर तो पडणारच. तो पिंजाऱ्याचा मुलगा. अब्बांची कापूस पिंजायची धनुकली बंद होऊन जमाना झाला तरी घरात कापसाला तोटा नव्हता. सोमवारी सीडी परत येई. "कसा वाटला?" गुलजार विचारी. "एक नंबर," मास्तर म्हणत. "लय भारी," हवालदार म्हणे. गुलजार मान डोलावी, आणि गिऱ्हाईक उतरलं की पाकीट उघडून बघे. धागा जागच्या जागी. तेरा वर्षांत त्यानं तो धागा हजार वेळा तरी पाहिला असेल, पण एकाही खोटं बोलणाऱ्याला त्यानं तोंडावर कधी पकडलं नाही, कारण मग पुढचा सिनेमा कसा देणार?

"महनूर!" तो ओरडला. "ओ महनूर! धागा नाही!"

महनूर, त्याची बायको, दुकानाच्या मागच्या भिंतीला शिलाईची टेप लावून मापं घेत होती. शुक्रवारपासून इथं मोबाइलचं रिचार्ज, कव्हरं आणि चार्जर येणार होते. तिचं काही चुकत नव्हतं. कापसाचे दोन-तीन हंगाम असे गेले होते की खेड्यावरून येणाऱ्या लोकांनी सिनेमे न्यायचंच सोडलं. बीटी बियाणं आलं तेव्हाच्या पहिल्या सालात याच लोकांनी घरोघर टीव्ही आणि सीडीप्लेअर नेले होते, गुलजारच्या दुकानात दिवाळीला रांग लागली होती. मग कपाशीवर लाल्या रोग पडला, भाव पडले, आणि दुकानात माशी फिरकेना. जी पोरंसोरं उरली ती आता सिनेमा मोबाइलमध्ये भरून घेत. महनूरनं दोन महिने सबुरी धरली आणि मग एक सौदा केला होता. वरच्या फळ्या निघणार. खालची फळी? "कोई एक आदमी," तिनं बोट वर करून सांगितलं होतं, "एक भी, शुरू से आखिर तक देख ले. तो नीचे की फळी तुम्हारी. जिंदगीभर हात नहीं लगाऊँगी." गुरुवारपर्यंतची मुदत. आज बुधवार.

तिनं टेप गळ्यात टाकली आणि इंद्रभानचं सगळं ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी चमकलं, नवऱ्याचं कौतुकच असेल, पण सौदा म्हणजे सौदा. "दूसरी सीडी देखी," ती म्हणाली. "आधा देखा. आधे पे बात नहीं हुई थी."

आता गुलजार भानावर आला. दुसरी? फक्त दुसरी? सिनेमा दोन सीड्यांचा असतो, इंटरव्हलपर्यंतची पहिली, पुढची दुसरी. त्यानं दोन्ही दिल्या नव्हत्या? त्यानं मागचा बुधवार डोळ्यांपुढं आणला. दुकान रिकामं करायचं म्हणून तो फरशीवर बसून वेचणी करत होता. चरे पडलेल्या, अर्ध्या-मुर्ध्या सीड्यांचं एक पोतं झालं होतं, आणि ते इंद्रभाननंच मागितलं होतं, ज्वारी दाण्यात आली की पाखरं येतात, सीड्या दोऱ्यानं टांगल्या की उन्हात चमकतात, पाखरं बसत नाहीत. भोंगा वाजला होता. एका हातानं पोत्याचं तोंड बांधताना दुसऱ्या हातानं त्यानं 'किवाडवाली'ची, म्हणजे त्या दारवाल्या बाईच्या सिनेमाची, पाकिटं उचलली होती. एक इकडं गेलं. एक तिकडं गेलं.

"इंद्रभान," तो म्हणाला, "पोत्यातल्या सीड्या कुठं आहेत?"

"वावरात. टांगल्या ना सगळ्या. काऊन?"

काऊन! गुलजारनं खालच्या फळीवरचे पाच सिनेमे पिशवीत कोंबले, चपला उलट्यासुलट्या घातल्या आणि दुकान बायकोच्या हवाली करून गाडीत जाऊन बसला. गाडी चिखलीच्या रस्त्याला लागेपर्यंत तो सीटवर नीट टेकलाही नाही. पन्नाशी गाठलेल्या माणसाला शोभेल असं हे नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. पण खिडकीतून सोयाबीन, तूर, कपाशी, पुन्हा सोयाबीन असं सगळं मागं पळत होतं आणि त्याला वाटत होतं, उतरावं आणि दिसेल त्याला सांगावं, अहो, एका बाईनं पाहिला. तीन डाव. त्याच्या मनात रुख्मिणीचं घर उभं राहिलं, न पाहिलेलंच. कोपऱ्यातला टीव्ही, वर क्रोशाचा रुमाल, भारनियमनातून लाईन आल्याबरोबर उठलेली ती, आणि पडद्यावर ती दुसरी बाई, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर आख्खं लाकडी दार, कडीसकट. चालते. नुसती चालते. पहिल्या गावात ती दार लिंबाला टेकवते तर पोरं येऊन कडी वाजवतात आणि ती आतून बोलावं तशी म्हणते, कौन है? दुसऱ्या गावात शिपाई दाराचे कागद मागतो. तिसऱ्या गावात तिला कोणी काहीच विचारत नाही, आणि तिथंच ती पहिल्यांदा रडते. शेवटी एका उघड्या माळावर ती ते दार दगडांच्या आधारानं उभं करते, उघडते, डोकं वाकवून आत जाते, आणि आतून कडी लावते. आपण सगळे या बाजूला राहतो. आत काही नाही, माळच आहे, हे दिसत असतं, तरी बघणाऱ्याला वाटतं की आता हिला हाक मारून विचारल्याशिवाय आत जाता यायचं नाही. गुलजारच्या अंगावर आत्ताही काटा आला. शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं त्याच्याकडे वळून बघितलं, बहुतेक तो मोठ्यानं बोलला असावा.

आणि पहिला भाग? मेहकर मागं पडलं तसा तो पहिल्या भागाकडे वळला, जरा नाइलाजानंच. पहिल्या भागात धरण होतं. दीर होता. तलाठी होता. एक वकील होता, आणि तो वकील, गुलजारनं घड्याळ लावून मोजलं होतं, सतरा मिनिटं बोलत होता. घर पाण्याखाली जाणार, मोबदला दिराच्या नावावर, हिच्या वाट्याला घरातली एकच वस्तू नेण्याची परवानगी, म्हणून दार. सगळं नीट समजावून सांगितलेलं. बघणाऱ्यानं विचारायलाच काही ठेवलं नव्हतं. म्हणून तर ती चिठ्ठी. चाळीस मिनिटं दम धरा. गुलजारला एकदम वाटलं, ही शिफारस कसली, ही तर माफी होती. तेरा वर्षं आपण गिऱ्हाइकाची आगाऊ माफी मागत आलो. पण मग आपण स्वतः कसे काय चाळीस मिनिटं बसलो होतो? वीस वर्षांचं वय, खिशात दमडी नाही, बसलो कसे?

सुलतानपूरच्या फाट्यावर गाडी थांबली. कोणी तरी कोथिंबिरीची टोपली आत ढकलली. आणि त्या ओल्या हिरव्या वासातून, कसा कोण जाणे, त्याला तो दिवस आठवला, आख्खा. एप्रिलची दुपार. अब्बांनी पिंजून भरलेली गादी डोक्यावर घेऊन तो कोर्टापलीकडच्या एका बंगल्यावर पोचवून आला होता, केसांत, भुवयांत, कानांत कापूस. टॉकीजवरून परत येत होता. दारावर रंगराव बसायचा, डोअरकीपर. रंगरावची एक पद्धत होती: इंटरव्हल झाला, दिवे गेले, की ओळखीच्या गरीब पोराला आत सोडायचं. मालकाला पत्ता लागत नसे आणि लागला तरी अर्ध्या सिनेमाचं तिकीट कोण काढणार? "जाय बे, बस," रंगराव म्हणाला होता. "निम्माच राह्यला. तसाबी आत कुत्रं नाही." गुलजार आत गेला, अंधारात चाचपत बसला, मान वर केली आणि पडद्यावर एक बाई डोक्यावर दार घेऊन चालत होती. त्याचीही मान गादीच्या ओझ्यानं दुखत होती. ती का चालते आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून तो तिच्याबरोबर चालला. बस, एवढंच झालं होतं. दुसऱ्या दिवशी उसने पैसे घेऊन तो मुद्दाम पहिला भाग बघायला गेला, आणि वकील बोलायला लागला तसा त्याला काहीतरी हरवल्यासारखं वाटलं होतं, आणि ते त्यानं स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. तीस वर्षं दडपून ठेवलं होतं! गुलजार सीटवर सरळ झाला. मग आता मी काय आणायला चाललो आहे? वकील?

पण फळी होती. एकशे बारा सिनेमे होते. दुसरबीडला उतरल्यावर तो इंद्रभानच्या पुढं चालायला लागला, रस्ता माहीत नसताना. "इकडून, इकडून," इंद्रभान मागून ओरडला. "गाडी वापस निंगायले घंटाभर हाय, पन तुमी धावून काऊन राह्यले?"

ज्वारीचं वावर लांबूनच ओळखू आलं. बांधाबांधानं तुराट्या, तुरीची वाळकी खोडं, रोवल्या होत्या आणि प्रत्येकीला एक-एक सीडी, दीडदोनशे तरी असतील, वाऱ्यानं फिरत होत्या, थांबत होत्या, उलट फिरत होत्या. गुलजार बघत राहिला. त्याचं दुकान इथं लटकलं होतं. हा मारामारीचा, हा भुताचा, हा नागिणीचा. चिमण्यांचा थवा यायचा, वर घिरटी घालायचा, आणि भलतीकडं जायचा. तो एकेक तुराटी बघत चालला, मान वाकडी करून, डोळ्यांवर कवडसे घेत, आणि पलीकडच्या बांधावर त्याला त्याची लाल शाई दिसली. 'किवाडवाली. भाग १.' त्यानं दोरा सोडला. सीडी उन्हानं तापली होती. सदऱ्याला पुसली, तिरपी धरली. चार बारीक चरे, बाकी आरशासारखी. चालली असती. त्यानं ती वरच्या खिशात घातली.

त्या बांधापलीकडेच कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट होता, आणि त्यात ओळीनं बाया. इथं कापूस कापसासाठी लावत नाहीत, बियाण्यासाठी लावतात. आज दुपारी मादीची कळी नखानं सोलून ठेवायची, खूण म्हणून तिला लाल कागद अडकवायचा, उद्या सकाळी नराचं फूल आणून तिच्यावर घासायचं. हजारो कळ्या, एकेक करून. कंपनीचं बी घराघरात जातं ते असं या नखांतून जातं. हात कामात आणि तोंड मोकळं, त्यामुळं इथं दिवसभर गोष्टी चालतात, आणि गेला आठवडाभर एकच गोष्ट चालू होती.

"हे पाहा, आले चिठ्ठीवाले," इंद्रभान म्हणाला.

रुख्मिणी ओळीतून वर आली. चाळिशीची, उंच, डोक्याला रुमाल, अंगात नवऱ्याचा जुना खाकी शर्ट. नखं हिरवी-काळी झालेली. गुलजारनं तेरा वर्षं ज्या माणसाची वाट पाहिली तो माणूस असा दिसत होता.

"भाऊ," ती म्हणाली, "ते चाळीस मिनिटं दम धरा असं काऊन लिवलं हो तुमी? आमाले तं पापणी लवायचं सुचलं नाही. दम कायचा धरा?"

बाया हसल्या. गुलजारही हसला, जरा जास्तच.

"आता ते नंतर," रुख्मिणी म्हणाली. "आधी निवाडा करा. ते बाई दार घेऊन काऊन निंगाली? इथं आठ दिवसांपासून भांडणं चालू हायेत. मी पाह्यला, मी या बायांले सांगितला, मंग ह्या घरी येऊन पाहून गेल्या. आता जो तो आपलंच खरं म्हणते."

"घर इकलं तिनं," ओळीच्या टोकावरची म्हातारी अन्नपूर्णाबाई म्हणाली, हात न थांबवता. "भिंती घे, छप्पर घे म्हणे, पन दार मायं माहेरचं हाय. मी भी आणलं होतं माहेरून. सागाचं."

"नाही वो आजी," छाया म्हणाली. ती सगळ्यांत लहान, नव्यानं लग्न झालेली. "नवऱ्यानं धमकी देली असन तिले. या दाराबाहेर पाय टाकला तं पुन्हा आत घेणार नाही म्हणून. मंग तिनं दारच उचललं. घे आता!"

अख्खी ओळ खिदळली. गुलजारला खिदळण्याच्या पलीकडचं काही झालं. तीस वर्षांत त्याला हे सुचलं नव्हतं. सिनेमा काढणाऱ्याला सुचलं नव्हतं. त्याला वाटलं पळत जावं आणि त्या वकिलाला सांगावं, बस खाली.

"तानाबाईनं काही सांगितलं नाही अजून," रुख्मिणी हळू म्हणाली. "तिले इचारलं का म्हणते, पयला भाग येऊ द्या."

तानाबाई तिसऱ्या ओळीत होती. किरकोळ, सावळी, पदर दातात धरलेली. इंद्रभाननं वाटेत तिच्याबद्दल सांगितलं होतं: लाल्या पडला त्या हंगामात तिचा नवरा कामाला म्हणून सुरतेकडे गेला, तो तीन वर्षं झाली, ना फोन ना निरोप. तिनं सोललेल्या कळीला लाल कागद अडकवला. मग वर न बघताच बोलली.

"तिच्या घरातून कोणी निंघून गेला असन. ज्या दारातून गेला ते दार मांगं कसं ठिवीन ती? तो वापस आला, तं कोन्या दारातून येईन?"

कळ्या सोलायचा बारीक कुर्रकुर्र आवाज तेवढा येत होता, मग तोही थांबला. बाया गुलजारकडे बघत होत्या. तानाबाईनंही आता मान वर केली होती. "खरं काय हाय, सांगा भाऊ," ती म्हणाली. "तुमी तं पाह्यला असन पयला. मायं बरोबर हाय का?"

आयुष्यभर हा माणूस न ऐकणाऱ्यांशी बोलत आला होता. काउंटरवर, बसस्थानकावर, निकाहाच्या जेवणात, मयतीच्या बैठकीत, हा पहा, तो पहा, मी सांगतो तुम्हाला त्यात काय आहे ते. आणि आता सोळा बाया काम थांबवून त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्याला सगळं पाठ होतं. धरण, दीर, तलाठी, वकिलाचं वाक्य न् वाक्य. छातीवरच्या खिशात सीडी होती, अजून कोमट. ती द्यायची, संध्याकाळी लाईन आली की या बघतील, शुरू से आखिर तक, उद्या गुरुवार, आणि फळी त्याची. त्यानं तोंड उघडलं. त्याला खूप, खूप बोलायचं होतं.

"मी इंटरव्हलनंतर गेलतो," तो म्हणाला. "डोअरकीपरनं फुकट सोडलं होतं."

"म्हंजे पयला भाग तुमी भी नाही पाह्यला?"

"नाही."

"कधीच नाही?"

"नाही, ताई. पण तुम्ही म्हणता तेच असणार. त्याबिगर इतकं जड दार कोण उचलतं?"

तानाबाईनं पदर पुन्हा दातात धरला आणि पुढच्या कळीला हात घातला. अन्नपूर्णाबाई पुटपुटली, माहेरचंच होतं ते. छायानं तिला कोपरानं ढोसलं. बघता बघता ओळ पुन्हा बोलायला लागली, तीन-तीन आवाज एकाच वेळी, आणि गुलजार बांधावर उभा राहून ऐकत राहिला. त्याला कळत होतं की फळी गेली. महनूर परवा तिथं चार्जर टांगणार. आणि तरी त्याला तसंच हलकं हलकं वाटत होतं जसं गादी पोचवून परत येताना, रिकाम्या मानेनं, टॉकीजपाशी आल्यावर वाटायचं. फळी हवी कशाला? इंद्रभानची गाडी रोज जाते. एकशे अकरा उरले. आठवड्याला एक धरला तरी दोन वर्षं पुरतात.

रस्त्यावरून भोंगा वाजला. "चाला, चाला," इंद्रभान म्हणाला. गुलजारनं पिशवीत हात घालून हाताला लागला तो सिनेमा काढला. एका न्हाव्याचा होता, फार चांगला होता, आणि सुरुवात भयंकर संथ होती. त्यानं दोन्ही पाकिटं उघडली. चिठ्ठी काढून चुरगाळली. दुसऱ्या सीडीवरचा कापसाचा धागा चिमटीत धरला, आणि फुंकर मारून उडवून दिला. मग दुसरी सीडी रुख्मिणीच्या हिरव्या नखांत ठेवली आणि पहिली आपल्या वरच्या खिशात सरकवली, तिथं आधीच एक होती तिच्या शेजारी.

रुख्मिणीनं पाकीट उलटसुलट करून बघितलं. "भाऊ, आन् याचा पयला भाग?"

"हरवला," गुलजार म्हणाला, आणि खिशावर हात धरून गाडीकडे पळाला.